वाळूमिश्रित पोयटा असूनही पाणी मुरेना, वर पांढरं फुलतंय, सामू (पीएच) ८.९ – काय करावं?

हडपसर_ते_दौंड

नमस्कार मंडळी. राहायला हडपसरला, नोकरी आयटीत, पण गावची जमीन दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला आहे आणि शनिवार-रविवार तिकडेच जातो. वडिलांनी आयुष्यभर ऊस केला, आता ऊस बंद करून अंजीर किंवा सीताफळ लावायचा विचार आहे. वरची जमीन ठीक आहे, प्रश्न खालच्या अंगाच्या दीड-दोन एकराचा.

हाताला माती चक्क वाळूसर लागते, नदीकाठची मळईची आहे, काळी नाही. म्हणजे निचरा उत्तम पाहिजे ना? पण एक मोठा पाऊस झाला की आठवडाभर पाणी हलत नाही, चप्पल रुतून बसते. आणि वाळली की वर पापुद्रा धरते, खाली कुदळ मारली तर कुदळ उडते. फेब्रुवारी-मार्चमध्ये सऱ्यांच्या वरंब्यावर पांढरं पीठ फुलतं आणि दोन-तीन ठिकाणी उलट काळपट, तेल सांडल्यासारखे डाग आहेत, तिथे हराळीसुद्धा येत नाही.

माती तपासली. सामू ८.९, ईसी (विद्युत वाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) १.१, सेंद्रिय कर्ब ०.३८, चुनखडी ९ टक्के, पोत "वाळूमिश्रित पोयटा". नेटवर बघितलं तर ईसी ४ च्या वर असेल तरच क्षारपड म्हणतात, मग आमची १.१ म्हणजे चांगलीच झाली की. खताच्या दुकानदाराने सांगितलं एकरी २० पोती जिप्सम फेका, चुलतभाऊ म्हणतो वर मुरूम पसरा. नक्की काय करू? खर्च एकदाच करायचाय.

बागायतदार_यवत

दुकानदार बरोबर सांगतोय. जिप्सम टाका, पावसाळ्याआधी नांगरून मिसळा, धैंचा (हिरवळीच्या खताचं पीक) पेरा आणि फुलावर आला की गाडा. मुरूम अजिबात नको, त्याने क्षार जात नाहीत, फक्त झाकले जातात आणि पुढच्या उन्हाळ्यात परत वर येतात. आमच्याकडे लोकांनी ट्रॉल्याच्या ट्रॉल्या ओतल्यात, फरक शून्य.

माती_आणि_मी

यवतच्या भाऊंचं मुरमाबद्दलचं म्हणणं शंभर टक्के खरं, जिप्समवर मात्र जरा थांबा म्हणतो. मी माती तपासणीच्या कामात बरीच वर्षं होतो म्हणून आधी रिपोर्टचं बोलतो, कारण तिथेच बहुतेकांची गाडी चुकते.

ईसी ४ ची जी मर्यादा पुस्तकात असते ती संपृक्त मातीच्या अर्काची, म्हणजे मातीत जेमतेम लगदा होईल एवढंच पाणी घालून काढलेल्या अर्काची. आपल्याकडच्या रोजच्या तपासणीत एक भाग मातीला अडीच भाग पाणी घालून ईसी मोजतात. आता वाळूमिश्रित पोयट्याच्या १०० ग्रॅमचा लगदा व्हायला २५-३० मिली पाणी पुरतं आणि इथे घातलं २५० मिली, म्हणजे क्षार आठ-नऊ पट पातळ झाले. जास्त पाण्यात थोडे जादा क्षार विरघळतात म्हणून सरळ नऊने गुणायचं नसतं, पण तुमच्या १.१ चा खरा अर्थ चार-पाचच्या वर धरा. भारी काळ्या जमिनीत हीच १.१ इतकी वाईट नसते कारण ती मुळातच पाणी जास्त धरते. हलक्या जमिनीचा रिपोर्ट हा असा फसवतो.

दुसरं, सामू. नुसती चुनखडी असेल तर सामू ८.२-८.४ च्या आसपास अडकतो, ८.९ दिसला की सोडियम आहे समजायचं. ते काळपट डाग पण तेच सांगतात, सोडियममुळे सेंद्रिय पदार्थ विरघळून वर येतो आणि वाळतो. थोडक्यात तुमची जमीन क्षारयुक्त-चोपण, म्हणजे क्षारही जास्त आणि मातीला चिकटलेला सोडियमही (चोपण), दोन्ही रोग एकत्र. विनिमययोग्य सोडियम (मातीच्या कणांना चिकटलेला) १५ टक्क्यांच्या वर असेल असा माझा अंदाज, पण ते वेगळं तपासून घ्या, साध्या रिपोर्टात येत नाही. मांजरीला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये माती-पाणी तपासणी होते, तुम्हाला हडपसरहून जवळच आहे. जाताना बोअरचं पाणी पण न्या.

आता वाळूसर असून पाणी का मुरत नाही. अशा मातीत चिकणमाती असते फक्त १०-२० टक्के पण खेळ सगळा तिचाच. सोडियम चिकटला की तिचे कण एकमेकांपासून सुटतात, पाण्याबरोबर खाली सरकतात आणि वाळूच्या फटीत जाऊन बसतात, चहाच्या गाळणीत साय अडकते ना तसं. वाळू दिसते म्हणून माणूस निर्धास्त राहतो.

घरी एक करून बघा. काचेच्या बरणीत मूठभर माती, वर पावसाचं किंवा आरओचं पाणी, हलवून ठेवून द्या. नुसते क्षार जास्त असतील तर तासाभरात वरचं पाणी नितळ होतं. चोपण असेल तर दुसऱ्या दिवशीपण गढूळच. मग त्यात चमचाभर जिप्सम घालून हलवा, गाळ खाली बसताना डोळ्यांनी दिसेल.

इंदापूरकर

साहेबांनी मातीचं छान सांगितलं, मी पाण्याचं सांगतो. दादा, खालच्या कोपऱ्यात चार-पाच फूट खड्डा घ्या आणि रात्रभर तसाच ठेवा. सकाळी पाणी कुठवर आलंय ते बघा, बाकी सगळं नंतर.

आमच्या भागात नीरेचा डावा कालवा १८८० च्या दशकात आला आणि पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत जमिनी पांढऱ्या पडायला लागल्या. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान आणि त्यांचे सहकारी ताम्हाणे यांनी १९१० च्या सुमाराला नीरा खोऱ्यातल्या याच खारवट जमिनींचा अभ्यास केला होता. म्हणजे हा रोग आपल्याकडे शंभर वर्षांपासून ओळखीचा आहे आणि आपण अजून वरून पोतं फाडून औषध शोधतोय!

होतं काय, कालव्याचं आणि वरच्या रानातल्या उसाचं पाणी खाली उतरतं, भूजल वर येतं, दीड-दोन मीटरच्या आत आलं की माती ते वर ओढायला लागते. वाळूमिश्रित पोयटा त्यात सगळ्यात वाईट, कारण नुसत्या वाळूत पाणी फार वर चढत नाही, चिकण मातीत चढतं पण हळू, आणि या मधल्या मातीत उंचही चढतं आणि भराभरही. वर पाणी उडून जातं, क्षार तिथेच राहतात. दौंडचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्या आतबाहेर, बाष्पीभवन त्याच्या कितीतरी पट, त्यामुळे नुसत्या पावसाने ते धुतले जाणार नाहीत. तुमचं पांढरं पीठ वरंब्यावर दिसतं सरीत नाही, ते याच्यामुळेच.

हडपसर_ते_दौंड

सर्वांचे आभार. या रविवारी दोन्ही केलं. बरणीतलं पाणी दुसऱ्या दिवशी चहाच्या रंगाचं होतं, जिप्सम टाकल्यावर अर्ध्या-पाऊण तासात वरचं दोन बोटं स्वच्छ, आईला बोलावून दाखवलं.

खड्ड्यात वरचा दोन-अडीच फूट वाळूसर, मग वीतभर चुनखडीच्या खड्यांचा घट्ट थर, पहारीशिवाय फुटेना, त्याखाली पिवळसर चिकण. सकाळी पाणी साडेतीन फुटावर होतं आणि हे जानेवारीत, पावसाळ्यात काय होत असेल देव जाणे. शेजारून ओढा जातो, पण आमच्या कोपऱ्यापेक्षा त्याचा तळ किती खोल आहे ते मोजलेलं नाही. आता जिप्सम टाकायचं की नाही? आणि गंधक कसं? कोणीतरी म्हणालं चुनखडी आहे तर गंधकच टाका.

माती_आणि_मी

टाकायचं, पण पाण्याला वाट केल्यावर. जिप्सममधला कॅल्शियम मातीवरचा सोडियम हुसकावतो आणि त्याचं सोडियम सल्फेट होतं, ते पाण्याबरोबर खाली निघून गेलं तरच उपयोग. साडेतीन फुटावर पाणी उभं असताना ते जाणार कुठे? मार्चमध्ये परत वर. आणि उलटी चूक पण करू नका, नुसतं गोडं पाणी भरून धुवायला जाऊ नका. क्षार आधी निघून जातात आणि सोडियम मातीला धरून राहतो, मग आज थोडीफार झिरपणारी जमीन पूर्ण बंद होते.

गंधकाचं शास्त्र बरोबर आहे. जिवाणू गंधकाचं आम्ल करतात, आम्ल चुनखडी विरघळवून मातीतच जिप्सम तयार करतं, एक टन जिप्समचं काम साधारण १९० किलो गंधकात. पण त्या जिवाणूंना हवा लागते, पाणथळ मातीत ते काम करत नाहीत. म्हणून तेही निचऱ्यानंतरच.

जिप्समचा हिशोब: १०० ग्रॅम मातीतला एक मिलिइक्विव्हॅलंट (प्रयोगशाळेतलं मोजायचं एकक) सोडियम काढायला वरच्या सहा इंचासाठी एकरी पाऊण टनापेक्षा थोडं जास्त शुद्ध जिप्सम लागतं. समजा तुमच्या मातीची धनायन विनिमय क्षमता (माती सोडियम, कॅल्शियम वगैरे एकूण किती धरू शकते ते) १५ आणि सोडियम २५ टक्के निघाला, तो १० वर आणायचा, तर सव्वादोन मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे एकरी पावणेदोन टन, आणि माल ७० टक्के शुद्ध असेल तर अडीच टन. दुकानदाराची २० पोती ५० किलोची धरली तर एक टन होतो. आकडा तपासणीवरून ठरतो, पोत्यांवरून नाही.

इंदापूरकर

पाण्याला वाट म्हणजे जमिनीखालून निचऱ्याचा पाइप टाकून पाणी ओढ्यात सोडायचं. ओढ्याचा तळ त्या पाइपाच्या खाली येतो का ते आधी लेव्हल लावून बघा, सगळं त्याच्यावर आहे. येत असेल तर साडेतीन-चार फुटावर सच्छिद्र पाइप, आणि वाळूसर माती म्हणून पाइपावर कापडी फिल्टर हवाच हवा, नाहीतर बारीक रेती आत जाऊन पाइप गच्च भरतो. त्यात पैसे वाचवणारे लोक मी बघितलेत, पुढे पाइप उकरत बसतात. चुनखडीचा थर पाइपाच्या रेषेत फोडून घ्या. उतार मिळत नसेल तर शेवटी हौद करून मोटर, वीजबिल धरून चाला. शेजाऱ्यांना विचारा, पाणी त्यांच्या रानातूनच येतंय. तिकडे कोल्हापूर-सांगलीत शिरोळ-वाळव्याकडे लोकांनी एकत्र येऊन मोठ्या क्षेत्रावर पाइप टाकलेत, दीड एकराचा एकट्याने केलेला निचरा महाग पडतो.

पाइप चालू झाला की जिप्सम वरच्या चार-सहा इंचात मिसळा, वाफे बांधून पाणी भरा. एक फूट मातीतून एक फूट पाणी आरपार गेलं तर ८० टक्के क्षार निघतात असा ठोकताळा आहे. एकदम नाही, थांबत थांबत.

बागायतदार_यवत

अंजिराची घाई नको एवढं सांगतो. अंजीर खारं थोडंफार सोसतं पण मुळं पाण्यात उभी चालत नाहीत, सीताफळाचं तर अजिबात नाही. पहिल्या वर्षी धैंचा, मग रब्बीत गहू. गहू ईसी ६ पर्यंत तग धरतो, कापूस त्याहून जास्त, आणि ऊस १.७ नंतरच खाली यायला लागतो, कांदा १.२ ला. वडिलांचा त्या कोपऱ्यातला ऊस पिवळा पडत असेल तर त्याचं कारण त्यात आलं. खतात म्युरेट ऑफ पोटॅश टाळा, क्लोराईड वाढतं. युरियाऐवजी अमोनियम सल्फेट आणि स्फुरदासाठी सिंगल सुपर फॉस्फेट, त्यात निम्म्याच्या आसपास जिप्समच असतं.

हडपसर_ते_दौंड

ओढ्याची लेव्हल पुढच्या आठवड्यात घेतो. शेजारच्या दोघांशी फोनवर बोललो, एकजण तयार आहे, दुसरा म्हणतो आधी तुम्ही करा मग बघू. त्याचं रान आमच्या वरच्या अंगाला आहे आणि तिथे बारमाही ऊस उभा आहे. बोअरच्या पाण्याचा रिपोर्ट आला की इथे टाकतो.