उ: वेग गेला की पिचर संपला?

बेसबॉलमध्ये 'वेग गेला की पिचरचं (चेंडू टाकणाऱ्याचं) करिअर तिशीतच संपतं' हे बहुतेकांच्या बाबतीत खरंय, पण आर. ए. डिकी या हिशोबात बसत नाही. १९९६ मध्ये टेक्सास रेंजर्स या संघाने त्याला करारासाठी ८ लाख १० हजार डॉलर देऊ केले होते. मग तपासणीत कळलं की त्याच्या उजव्या कोपरात मुख्य अस्थिबंधच नाही! पिचर लोक ज्याच्यासाठी टॉमी जॉन शस्त्रक्रिया (फाटलेला अस्थिबंध नव्याने बसवण्याची) करून घेतात, तोच. बोली थेट ७५ हजारांवर आली.

पुढे वेगही गेला, तेव्हा तिशीत तो नकलबॉलकडे वळला. नखं चेंडूत रुतवून, जवळजवळ फिरकी न देता सोडायचा. मग तो हवेत कुठे डुलेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. २००६ मध्ये रेंजर्सकडून या चेंडूच्या पहिल्याच सामन्यात सहा होमरन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) खाल्ले, बिचारा लगेच मायनर लीगमध्ये, म्हणजे खालच्या पातळीवर, परत. आणि २०१२ मध्ये न्यूयॉर्क मेट्स संघाकडून २० विजय, वर्षातल्या सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार, वय ३७-३८. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तो किलिमांजारो चढला होता, तोही मुंबईतल्या मानवी तस्करीविरोधी कामाला निधी मिळावा म्हणून. क्लबला मात्र दुखापतीची धास्ती होती.