मुलगी स्वतःहून चित्रे काढेनाशी झाली आहे; घरी आणि शाळेत काय करता येईल?

प्रश्न: पालक, शहापूर (बेळगाव)

नमस्कार. माझी मुलगी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत तिसरीत शिकते. बालवाडीत असताना हाताला लागेल त्या कागदावर, अगदी दुधाच्या हिशेबाच्या वहीवरसुद्धा, ती चित्रे काढत असे आणि प्रत्येक चित्राची लांबलचक गोष्ट सांगत असे. गेल्या वर्षभरात हे कमी होत गेले. आता कागद पुढे ठेवला की ती आधी ‘काय काढू?’ असे विचारते आणि काढून झाल्यावर ‘बरोबर आहे का?’ असे विचारते.

शाळेत चित्रकलेच्या तासाला फळ्यावरचे चित्र वहीत उतरवून घ्यायचे असते. ‘पावसाळा’ या विषयावर तिने छत्री आणि बेडूक न काढता आमच्या मागाची शेड काढली होती. पत्रा गळू लागला की ताणा (मागावर ताणलेले उभे सूत) भिजू नये म्हणून तिचे आजोबा त्यावर ताडपत्री पसरतात आणि खाली बादल्या ठेवतात. ते सगळे, बादल्यांसह, त्या चित्रात होते. वहीवर शेरा मिळाला, ‘विषयाला सोडून’. तेव्हापासून ती सरळ छत्रीच काढते.

तिला चित्रकलेच्या क्लासला घालावे का? आमच्या भागातील क्लासमध्ये मुख्यतः स्पर्धांची तयारी करून घेतात. की घरीच काही वेगळे करावे?

उत्तर: निवृत्त प्राथमिक शिक्षक, खानापूर तालुका

आपल्या मुलीचे चित्र विषयाला सोडून नव्हते. विणकराच्या घरी पावसाळा कसा येतो हे तिने पाहिले होते आणि तेच तिने मांडले. ती वही जपून ठेवा.

क्लासपेक्षा घरातील बोलण्याकडे आधी लक्ष द्यावे, असे मला वाटते. मूल चित्र घेऊन आले की आपण ‘छान आहे’ म्हणतो किंवा चूक दाखवतो, आणि दोन्ही वेळा निकाल आपणच देतो. त्याऐवजी ‘ही बादली इथेच का ठेवली आहे?’ एवढे विचारले, तर मूल आपल्या चित्राविषयी बोलू लागते आणि पुष्कळदा बोलता बोलता त्यात भरही घालते. बक्षिसांच्या बाबतीतही सावध राहावे. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी, चित्रे काढण्याची आधीपासूनच आवड असलेल्या तीन ते पाच वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे ज्यांना आधी सांगितले होते, ती मुले पुढे मोकळ्या वेळेत इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र अचानक, न सांगता मिळाले, त्यांची आवड मात्र टिकून राहिली.

आपल्याकडे हेच दिवाळीच्या किल्ल्यांचे झाले आहे. पूर्वी मुले शेतातून लाल माती आणत, दगड रचून वर गोणपाट टाकत, चिखल लिंपत आणि अळीव पेरून रोज पाणी शिंपडत. बुरूज ढासळला की दरवाजा कोणत्या बाजूला हलवायचा यावरून भांडतही. हल्ली गल्लीगल्लीत किल्ल्यांच्या स्पर्धा होतात. स्पर्धांनी उत्साह वाढवला हे खरे, परंतु परीक्षक येणार म्हटल्यावर काका-मामा पुढे सरसावतात आणि मुलांकडे पाणी आणून देण्याचे काम उरते. किल्ला देखणा होतो, पण तो मुलांचा राहत नाही.

शाळेत मोकळीक देताच येत नाही, असेही नाही. कर्नाटकात १९९५ च्या सुमारास म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलिकली’ पद्धत सुरू झाली आणि पुढे राज्यभरच्या सरकारी शाळांत पहिली ते तिसरीच्या वर्गांपर्यंत पोहोचली. त्यात मुले गटांत बसून कार्डांच्या आधारे आपापल्या गतीने पुढे जातात, आणि भिंतीच्या खालच्या भागात मुलांच्या हाताला येईल असा फळा असतो. एका शिक्षकावर दोन-तीन इयत्तांचा भार आला की ही पद्धतही कागदोपत्री उरते. तरीही त्या खालच्या फळ्यावर मुले न सांगता जे काढतात, ते पाहण्यासारखे असते.

उत्तर: गृहिणी, निपाणी

गुरुजींचे म्हणणे पटले. एवढेच जोडते की मुलांना रिकामा वेळच मिळत नाही. शाळा, ट्यूशन, गृहपाठ आणि उरलेल्या वेळात मोबाइल. आमच्या घरी सुटीच्या दिवशी दुपारी मोबाइल कपाटात ठेवला जातो. सुरुवातीला मुलांनी ‘कंटाळा आला’ म्हणून डोके खाल्ले, पण पुढे जुन्या खोक्यांचे दुकान मांडले आणि गिऱ्हाइकाशी मराठी-कन्नड मिसळून बोलणेही सुरू झाले. पसारा मात्र सहन करावा लागतो.

उत्तर: मातीकाम शिकवणारा, खानापूर

गुरुजींचा आदर राखून थोडे वेगळे मत मांडतो. मुलांना मोकळे सोडावे हे लहान वयात ठीक आहे, परंतु साधारण नवव्या वर्षानंतर मुलांना आपले चित्र खऱ्यासारखे दिसावे असे वाटू लागते. बालचित्रकलेचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्येच या टप्प्याचे वर्णन केले आहे. याच वयात पुष्कळ मुले ‘मला येत नाही’ म्हणून कायमची थांबतात, आणि त्यांना नुसते प्रोत्साहन देऊन भागत नाही. हात तयार व्हावा लागतो. ‘बरोबर आहे का?’ या प्रश्नामागे शाळेची भीती असेल, तसा या वयाचाही काही भाग असू शकतो.

खानापूरची माती कुंभारकामासाठी प्रसिद्ध आहे, आणि माझ्याकडे येणारी मुले पहिल्याच दिवशी हत्ती करायला बसतात. मी त्यांना हत्ती करू देतो, पण आधी माती मळायला लावतो. आत पोकळी राहून तिथली ओल पुरती वाळली नाही, तर भट्टीत तो हत्ती फुटतो. सोंड जोडताना दोन्ही बाजूंना ओरखडे काढून मध्ये पातळ चिखल लावावा लागतो, नाहीतर वाळताना ती गळून पडते. हे शिकवल्याने मुलाची कल्पना बांधली जात नाही, उलट तिला पाय फुटतात. हत्तीला किती पाय असावेत, हे मात्र मी सांगत नाही.

म्हणून क्लास निवडताना तासभर तिथे बसून पाहा. सगळ्या मुलांची चित्रे एकसारखी दिसत असतील, किंवा शिक्षक मुलांच्या कागदावर स्वतः पेन्सिल चालवत असतील, तर तिथे घालू नका.

प्रश्नकर्त्या पालकाचे उत्तर

सर्वांचे आभार. क्लास आधी पाहून मग ठरवीन. पालकसभेत वहीवरच्या शेऱ्याचा विषय काढावा का? बाईंना राग आला तर त्याचा त्रास मुलीलाच होईल, अशी भीती वाटते.

उत्तर: निवृत्त प्राथमिक शिक्षक, खानापूर तालुका

मातीकाम शिकवणाऱ्या बंधूंचा मुद्दा मला मान्य आहे. साधन वापरण्याची रीत शिकवावी आणि विषय मुलावर सोडावा.

शेऱ्याविषयी सभेत सर्वांसमोर बोलू नका. वर्गात पन्नासेक मुले असली की फळ्यावरचे एकच चित्र हा बाईंचा सोयीचा मार्ग असतो, त्यात आकस नसतो. शाळा सुटल्यावर वही घेऊन जा आणि त्या चित्रात काय चालले आहे ते मुलीलाच बाईंना सांगू द्या. ताणा म्हणजे काय आणि तो भिजला की काय होते, हे बहुधा त्यांना ठाऊक नसेल. मग एवढीच विनंती करा की महिन्यातून एक तास फळा कोरा ठेवावा आणि त्या तासाला गुण देऊ नयेत. बाई नाही म्हणाल्या तर ताणू नका. घरी दिवाळीचा किल्ला आहेच, फक्त या वर्षी त्याला स्पर्धेत नाव देऊ नका.