मदत हवी आहे: जेलमध्ये भावाला इन्सुलिन मिळत नाही

रेवा१२: दादा आत जाऊन १२ दिवस झाले. आत फक्त गोळ्या देतात. मी इन्सुलिन नेलं तर गेटवरून परत पाठवलं. शुक्रवारच्या मुलाकातीत त्याने चप्पल काढून काचेजवळ पाय धरला, अंगठ्याची जखम काळी पडलीय. काय करू? लवकर सांगा.

भटक्या: कच्चा कैदी की शिक्षा लागलेला?

रेवा१२: कच्चा. आरोपपत्रही आलेलं नाही.

वकील_साहेबराव: ज्या कोर्टाने न्यायालयीन कोठडी दिली तिथेच उद्या अर्ज द्या. जेलकडून वैद्यकीय अहवाल मागवा आणि सरकारी रुग्णालयात तपासणीचा आदेश मागा. तुरुंग कायदा १८९४, कलम ३७: बंद्याने डॉक्टरला भेटायचंय म्हटलं की ते विनाविलंब जेलरपर्यंत जायला हवं.

सह्याद्री_७: कशाला कोर्ट? सरळ हायकोर्टाला पत्र टाका. सुनील बत्रा नावाच्या कैद्याने दुसऱ्या कैद्याच्या छळाबद्दल लिहिलेलं पत्रच सुप्रीम कोर्टाने याचिका मानलं, १९७९ चा निकाल आहे.

वकील_साहेबराव: निकाल माहीत आहे. पत्र कधी कोणाच्या टेबलावर जाईल सांगता येत नाही. हा पाय तेवढा थांबणार नाही.

नंदू_पी: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ बघा, पहिलाच गुन्हा असेल तर कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळानंतर जामीन.

वकील_साहेबराव: १२ दिवसांत त्याचा काय उपयोग? कलम ४८० बघा, आजारी आरोपीला जामीन देता येतो.

गजानन_बी: गुन्हा करताना नाही आठवलं का हे सगळं?

मुक्ता: अजून काही सिद्ध झालेलं नाही. आणि झालं तरी औषध बंद करण्याची शिक्षा कुठल्याच कायद्यात नाही. माझ्या काकांच्या वेळी हेच ऐकून घेतलंय, म्हणून बोलते. रेवाताई, वकील आहे का? नसेल तर १५१०० ला फोन करा. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्न बघत नाहीत. आणि आत घेताना तपासणी झाली तेव्हा त्यांनी शुगरचं सांगितलं होतं का?

रेवा१२: नाही. घाबरून गप्प बसला. इन्सुलिन चालू होतं हे तिथे कोणाला माहीतच नाही.

वकील_साहेबराव: अहो, हे आधी सांगायचं ना! जुनी चिठ्ठी आणि रिपोर्ट अर्जाला जोडा. एक प्रत अधीक्षकांच्या नावे जेलच्या आवकमध्ये द्या, शिक्क्यासह पोच घ्या. बाहेरून आणलेलं औषध थेट आत जात नाही, जेलच्या डॉक्टरने लिहिलं की मिळतं.

रेवा१२: मागच्या वर्षीचं डिस्चार्ज कार्ड सापडलं. त्यावर डोस लिहिलाय. झेरॉक्स काढून आणते.