बाळाच्या हृदयाला भोक आहे. लहान मुलांचे हार्टचे डॉक्टर सुचवा (सोलापूर किंवा जवळपास)

पूर्वभागातली
नमस्कार. मुलगी ५ महिन्यांची आहे. डोसला नेलं तेव्हा बालरोगतज्ज्ञांना छातीत आवाज ऐकू आला. इथेच मोठ्या माणसांच्या हार्टच्या डॉक्टरांकडे टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) केला. रिपोर्टात व्हीएसडी, ५ एमएम, पेरिमेम्ब्रेनस असं लिहिलंय. तेच म्हणाले, लहान मुलांच्या हार्टवाल्यांना दाखवा. दूध पिताना कपाळावर घाम येतो, चार घोट घेतले की सोडून देते, पुन्हा रडते. महिनाभर वजनाचा काटा जागचा हललेला नाही.
कोणाला दाखवू? आणि डॉक्टरांच्या पाटीवर नेमकी कोणती डिग्री बघायची? मिस्टर यंत्रमागावर आहेत. तपासणी, इको, जाणं-येणं सगळं ६ हजारांत बसवायचंय.

जुळे_सोलापूरकर
सरळ पुणे. आमच्या चिरंजीवांचं पीडीए होतं, मांडीतल्या शिरेतून छत्रीसारखं बूच टाकलं, कुठे टाका नाही की काही नाही. घरची गाडी होती, सूट रूम घेतली. पैशाकडे बघू नका ताई, लेकरू महत्त्वाचं.

चाटीगल्ली
ज्याच्याकडे नाहीत त्यानं कुठं बघायचं मग? आणि पीडीए वेगळं. ती जन्मानंतर बंद व्हायची नळी उघडी राहते. ताईंचं व्हीएसडी आहे, खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक.

होटगीरोडचे_काका
कशाला घाबरलालाव? माझ्या नातीचं भोक आपोआप बुजलं. औषध नाही, काही नाही. ह्या डॉक्टर लोकांना घाबरवायची सवय.

सिस्टर_सोलापूर
काका, नातीचं भोक लहान असणार, बहुतेक पडद्याच्या मांसल भागातलं. तसली पुष्कळ बुजतात. बाळ छान पितंय, वजन घेतंय, तर नुसतं लक्ष ठेवतात. आवाजावर जाऊ नका, लहान भोकाचा आवाज उलट मोठा येतो. इथे घाम येतोय, दम लागतोय, वजन थांबलंय. म्हणजे डाव्या बाजूचं रक्त भोकातून उजवीकडे येऊन फुप्फुसात जास्तीचं जातंय. जन्मल्यावर पहिले काही आठवडे फुप्फुसातला दाब जास्त असतो म्हणून हे कळत नाही, तो उतरला की त्रास सुरू होतो. वाट बघत बसलं तर फुप्फुसाच्या नसा कायमच्या कडक होऊ शकतात, मग भोक बंद करूनही उपयोग राहत नाही. ताई, महिन्याभरावर ढकलू नका. ओठ-जीभ निळी दिसली, छातीत खड्डा पडायला लागला किंवा दूध घेणंच बंद केलं, तर थेट सिव्हिलला या.

हुतात्मावाला
पुण्याला जायचं तर हुतात्मा एक्सप्रेस. तिकीट स्वस्त.

जुळे_सोलापूरकर
लहान बाळ घेऊन त्या गर्दीत? कुर्डुवाडीला काय होतं माहीत आहे ना? वंदे भारत करा.

हुतात्मावाला
सहा हजारांत बसवायचंय म्हणाल्यात त्या. धागा वाचत जावा की जरा.

मंद्रूपकर
माझ्या धाकट्या भावाची झडप खराब झाली. लहानपणी घसा दुखायचा, मग गुडघे सुजायचे, कोणी मनावर घेतलं नाही. आता २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन, तेही कधी मिळतं कधी नाही. मेडिकलवाले वर तोंड करून बोलतात.

चाटीगल्ली
दादा, वाईट झालं. पण ते संधिवाताच्या तापाचं, बाळाचं जन्मतःचं आहे.

साडूभाऊ
आमच्या साडूंच्या मुलीचं एएसडी, वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याचं भोक. शाळेत जाईपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, पोरगी पळायची सुद्धा. बेंगळुरूला केलं, ३ लाख गेले. पण हॉस्पिटल म्हणजे विमानतळ हो!

बालरोग_रेसिडेंट
डिग्रीचं कोणीच सांगितलं नाही म्हणून लिहितो. एमबीबीएस, त्यावर बालरोगात एमडी किंवा डीएनबी, आणि त्यावर मुलांच्या हृदयरोगात डीएम किंवा नॅशनल बोर्डाची एफएनबी. काहीजण मोठ्यांच्या कार्डिओलॉजीत डीएम करून मुलांकडे वळलेले असतात, तेही चांगले असतात. पाटीवर नुसतं 'फेलोशिप' असेल तर कुठे केली, किती दिवसांची, हे विचारायला लाजू नका. भोक शिवणारा सर्जन वेगळा, त्याची डिग्री एमसीएच. रजिस्ट्रेशन महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतं.
इको परत करावा लागेल. बाळ हलत-रडत असेल तर नीट दिसत नाही, झोपेचं औषध देतात. पाजायचं कधी थांबवायचं ते आधी फोनवर विचारा. पेरिमेम्ब्रेनस भोक महाधमनीच्या झडपेला लागून असतं, म्हणून झडप गळतेय का हेही बघून घ्या.

सोलापुरी_शेंगाचटणी
खारघरला श्री सत्य साई संजीवनी हॉस्पिटल आहे. मुलांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत, पैसे भरायचा काउंटरच नाही.

सिस्टर_सोलापूर
हो, तेही चांगलं. त्याआधी इथलं सांगते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, ० ते १८ वर्षांच्या मुलांसाठी. अंगणवाडीत त्यांचं पथक येतं, जन्मजात हृदयरोग त्यांच्या यादीत आहे. सिव्हिलमध्ये त्यांची चौकशी करा, इकोचं शिबिर कधी आहे तेही विचारा. ऑपरेशन ठरलं तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेशनकार्ड आणि आधार तयार ठेवा. बाळाचं नाव रेशनकार्डावर चढवलंय का? तिथेच लोकांचं अडतं.

गड्ड्यावरचा
खारघरला मोफत होतं. कोणी सांगितलं का?

होटगीरोडचे_काका
मी अजूनही म्हणतो थांबा. आणि दृष्ट काढा.

पूर्वभागातली
सगळ्यांचे आभार. सिस्टर, नाव चढवलेलं नव्हतं, मिस्टर सोमवारी जातायत. घरात बोलून हैदराबादचं ठरलंय. माझं माहेर तिकडचं, राहायला वहिनीकडे, सासूबाईंना डॉक्टरांशी तेलुगूत बोलता येईल. इथे मराठीत विचारायचं म्हटलं की त्या गप्प बसतात आणि घरी येऊन मला विचारतात. डॉक्टर बालरोगात एमडी आणि मुलांच्या हार्टमध्ये डीएम आहेत, फोनवर विचारून घेतलं. फी आणि इको बजेटात बसतंय.

जुळे_सोलापूरकर
एवढं सांगून हैदराबाद! पुणे काय वाईट होतं?

सिस्टर_सोलापूर
जा, पण लगेच जा. रिपोर्टासोबत इकोची सीडी घ्या, डोसचं कार्ड घ्या, त्यावर वजनं आहेत. महात्मा फुले योजना तिकडे धरून चालू नका. ऑपरेशन सांगितलं तर लेखी घेऊन परत या, इथून कागद करू.

हुतात्मावाला
हैदराबादला हुसेनसागर एक्सप्रेस आहे. खालचा बर्थ मागा.

जुळे_सोलापूरकर
ती भल्या पहाटे येते. बाळाला घेऊन स्टेशनवर बसायचं का?