मदत हवी आहे: दालचिनी ब्रेडचे थर सुटतात, अंड्याशिवाय काय करावं?

घरच्यांसाठी गोड दालचिनी ब्रेड करते. चव, रंग छान, पण कापला की गुंडाळीत बोट जाईल एवढी पोकळी दिसते. वरचा पापुद्रा टोपीसारखा निघून येतो आणि साखर ताटलीत सांडते.

प्रमाण: मैदा 300 ग्रॅम, कोमट दूध 190 मिली, साखर आणि लोणी प्रत्येकी 40 ग्रॅम, इन्स्टंट यीस्ट 5 ग्रॅम, मीठ. सारणात ब्राउन शुगर आणि इंदूरच्या सियागंज बाजारातून आणलेल्या जाड सालीच्या दालचिनीची ताजी पूड. ओटीजी ओव्हनमध्ये 180 अंशांवर 35 मिनिटं. कणीक व्यवस्थित फुगते, यीस्ट ताजं आहे. दालचिनी कणकेत मिसळत नाही, त्यानं यीस्ट मंदावतं.

सारण पसरण्याआधी लाटलेल्या कणकेवर लोण्याऐवजी पाण्याचा हात लावून पाहिला, सारणात चमचाभर मैदा घातला, गुंडाळी घट्ट केली. फरक पडला, पण थोडाच. सध्या इंदुरात थंडी आहे, म्हणून दुसऱ्यांदा फुगायला तासाहून जास्त ठेवते.

सगळे अंड्याचा पांढरा भाग लावायला सांगतात, पण सासूबाई अंडं खात नाहीत आणि ब्रेड मुळात त्यांच्याच आवडीचा. त्यामुळे तो मार्ग नको.

दुधात कॉर्नफ्लोअर कालवून लावलं तर थर धरतील का? की दुसऱ्यांदा फुगवणं आधीच थांबवायला हवं? कणीक टिनमध्ये किती वर आली की ओटीजीत ठेवता?