मदत हवी आहे : मुलाखतीच्या यादीत ओळखीच्या उमेदवाराचे नाव आले आहे (तातडीचे)

अनुस्वार
गुरुवारच्या मुलाखतींची यादी काल रात्री हाती आली आणि माझ्या वाट्याला आलेल्या नावांमध्ये आईच्या जुन्या मैत्रिणीच्या मुलाचे नाव आहे. मी समितीवर आहे हे आईने कौतुकाने सगळ्यांना सांगून ठेवल्यामुळे सकाळपासून मावशींचे निरोप येत आहेत : "फार काही नको गं, प्रश्न कोणत्या धर्तीचे असतात तेवढेच त्याला सांग." त्याची मुलाखत मी घेऊ नये हे मला कळते. मात्र मी नकार दिला तर कारण द्यावे लागेल, आणि त्या कारणात या निरोपांचाही उल्लेख करावा का, हा माझा प्रश्न आहे. त्यामुळे त्या मुलाचे नुकसान झाले तर? आज संध्याकाळपर्यंत कळवायचे आहे. कृपया "आईशी बोला" असे सुचवू नये, बोलून झाले आहे.

क्ष_किरण
कसली समिती आणि कसली मुलाखत? नोकरीची असेल तर सरळ मनुष्यबळ विभागाला कळवावे, आमच्या कंपनीत असेच करतात.

अनुस्वार
वैद्यकीय प्रवेशाची. मी अमेरिकेत एम.डी.च्या (तिथली पहिली वैद्यकीय पदवी, आपल्या एम.बी.बी.एस.सारखी) तिसऱ्या वर्षाला आहे. शीर्षकात लिहायला हवे होते का?

जुना_पाटीवाला
लिहायला हवेच होते, कारण तिथे विद्यार्थीच विद्यार्थ्यांच्या मुलाखती घेतात हे इथे किती जणांना ठाऊक असणार? आणि मुळात हेच मला पटत नाही. ज्याने स्वतः अजून पदवी घेतलेली नाही, त्याने दुसऱ्याच्या प्रवेशाबद्दल मत द्यायचे म्हणजे काय? आपली नीट परीक्षा बरी : गुण, गुणवत्ता यादी, प्रवेशफेरी. कुठल्याही मावशीने कुणालाही निरोप पाठवला तरी यादीतला क्रमांक हलत नाही.

विदर्भकन्या
पाटीवाले काका, आपल्याकडे मुलाखत नाहीच असे नाही. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात नीटच्या गुणांनंतर आजही मुलाखत होते. नीट लागू होण्यापूर्वी सेवाग्रामच्या प्रवेश परीक्षेत गांधीविचारांची स्वतंत्र प्रश्नपत्रिका असे, आणि वेल्लोरच्या मुलाखती तर प्रसिद्धच होत्या. समोरच्याचे ऐकून घेण्याची वृत्ती त्या मुलात आहे की नाही हे गुणांवरून कळत नाही, म्हणूनच या गोष्टी सुरू झाल्या असाव्यात. विद्यार्थ्यांबद्दल म्हणाल, तर पुढची काही वर्षे ज्यांच्यासोबत शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभे राहायचे, त्यांच्याबद्दल त्यांना थोडे विचारले तर बिघडले कुठे?

ओहायोकर
विद्यार्थी असताना मी हेच काम केलेले आहे, म्हणून आधी काही गोष्टी विचारतो. मुलाखत एकास एक आहे की एम.एम.आय. पद्धतीची, म्हणजे मॅकमास्टर विद्यापीठातून पसरलेली, थोड्या थोड्या मिनिटांनी टेबल बदलण्याची? उमेदवाराची फाइल तुम्हाला उघडी असते की झाकलेली? तुमचे काम मुलाखतीपुरतेच आहे, की अंतिम बैठकीत मतही आहे? आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, मावशींना उत्तर गेले आहे का?

अनुस्वार
व्हिडिओवर एकास एक, साधारण अर्धा तास. निबंध दिसतात, एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण आणि महाविद्यालयीन श्रेण्या दिसत नाहीत. शेवटी एक ते पाच असे शेरे आणि खाली मोकळी चौकट असते : "या व्यक्तीसोबत शिकायला तुम्हाला आवडेल का?" समितीच्या बैठकीत मला मत आहे. मी मावशींना काहीही कळवलेले नाही.

सातारची_सून
माझा भाचा सांगलीत बारावीला आहे. त्याला थेट अमेरिकेत वैद्यकीय प्रवेश मिळेल का? किती खर्च येतो?

विदर्भकन्या
बारावीनंतर थेट मिळत नाही. तिथे सहसा आधी पदवी घ्यावी लागते, मग एमकॅट परीक्षा, आणि परदेशी नागरिकांचे अर्ज अनेक महाविद्यालये स्वीकारतच नाहीत. खर्चाबद्दल वेगळा धागा काढावा, इथे विषय दुसरा आहे.

ओहायोकर
आता उत्तर देता येईल. मुलाखतीतून बाजूला होणे हे तुलनेने सोपे आहे. प्रवेश कार्यालयात ज्यांच्याकडे वेळापत्रक असते त्यांना "या उमेदवाराच्या कुटुंबाशी माझा जुना परिचय आहे, कृपया ही मुलाखत दुसऱ्याकडे द्यावी" एवढे कळवले की काम होते. अशा अदलाबदली नेहमीच्याच असल्यामुळे उमेदवाराच्या नावापुढे कुणी काट मारत नाही. मात्र तुम्हाला मत आहे, त्यामुळे तेवढ्यावर भागणार नाही. त्याच्या फाइलवर चर्चा सुरू झाली की तुम्ही बैठकीतून बाहेर पडायचे. मत न देता तिथे बसून राहणे पुरेसे नाही, कारण बोलणाऱ्यांना तुमचा चेहरा दिसत असतो.

पाटीवाले काकांसाठी : तिथल्या एम.डी. महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या एल.सी.एम.ई.च्या नियमानुसार समितीच्या प्रत्येक बैठकीत मत देणाऱ्यांमध्ये प्राध्यापकांचे बहुमत असावेच लागते. विद्यार्थ्यांच्या हाती सगळे सोपवलेले नाही.

मावशींचे निरोप मात्र लिहू नयेत. ते मुलाने पाठवलेले नाहीत. आईच्या उत्साहाची शिक्षा त्याला का?

क्ष_किरण
हे मला अजिबात मान्य नाही. समितीवर येताना गोपनीयतेच्या करारावर सही केलीच असेल, आणि त्यानंतर कुणी प्रश्न विचारत असेल, तर ते सांगणे हाच त्या कराराचा अर्थ आहे. उद्या मुलगाच मित्रांना म्हणाला की आमची ओळख आहे, तर लपवल्याचा ठपका धागाकर्तीवर येईल.

ओहायोकर
निरोप आला, उत्तर गेले नाही, इथे विषय संपतो. विचारले तर खरे सांगावे, पण न विचारता अर्जदाराच्या फाइलभोवती संशय उभा करू नये.

अनुस्वार
एक राहिले. मी उत्तर दिले नाही, पण आईने दिले आहे. तिने मावशींना कळवले, "काळजी करू नकोस, अनु बघेल."

ओहायोकर
हे पहिल्याच प्रतिसादात हवे होते! आता माझा सल्ला बदलतो. "अनु बघेल" हे मावशींनी मुलाला सांगितलेच असणार, आणि तो गुरुवारी ते गृहीत धरून बसेल. त्यामुळे क्ष_किरण म्हणतात तसे सांगावे, पण नेमके शब्द वापरून : घरच्यांकडून विचारणा झाली, मी काहीही सांगितलेले नाही, उमेदवाराने स्वतः माझ्याशी संपर्क केलेला नाही. शेवटचे वाक्य अजिबात गाळू नये, त्याचे हित त्यातच आहे. आणि हे ईमेलने लांबलचक लिहिण्यापेक्षा फोनवर बोलून मग दोन ओळींत लेखी द्यावे.

जुना_पाटीवाला
म्हणजे शेवटी गोष्ट मावशीपाशीच आली. मी काय म्हणत होतो?

अनुस्वार
फोन केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले, मुलाखत दुसऱ्याकडे दिली आणि बैठकीतल्या गैरहजेरीची नोंदही करून घेतली. आता एवढेच : त्याच दिवशी दुपारी उमेदवार आणि आम्ही विद्यार्थी यांच्या अनौपचारिक गप्पा असतात आणि त्या सत्राची सूत्रे माझ्याकडे आहेत. तिथे शेरे द्यायचे नसतात. मग चालेल ना?

ओहायोकर
चालणार नाही. शेरे नसले तरी तिथे कोण कसे वागले हे नंतर कानावर येतेच, आणि तो तुम्हाला पाहून ओळखीचे हसणार. सूत्रे वर्गमैत्रिणीकडे द्या. मावशींना आईकडून नको, तुम्हीच आजच कळवा की त्याच्या अर्जाशी तुमचा काहीही संबंध उरलेला नाही.