मिरजेत तंबोऱ्याच्या कारखान्यात मुलाखती: आवाज लांबून, घुमल्यासारखा येतोय

तंबोरा_मिरज

नमस्कार मंडळी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बाहेरगावचे लोक या कामाबद्दल बरंच विचारतात. म्हणून कारागिरांच्या मराठी मुलाखतींचा पॉडकास्ट सुरू करतोय. भाग ४० मिनिटांचे, एका वेळी दोघं बोलणारे.

सामान एवढंच: टॅस्कॅम डीआर-०५एक्स रेकॉर्डर, ३२ जीबीचं कार्ड आणि मोबाईलचा एक कॉलर माईक. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली, वर स्लॅब, खाली शहाबादी फरशी. पंखा चालू, शेजारी कानस आणि हातोडी चालू. रेकॉर्डर दोघांच्या मधे स्टुलावर, लेव्हल ऑटोवर, एमपी३ १२८.

तीन अडचणी आहेत. बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटतं. माणूस थांबला की पंख्याचा आवाज हळूहळू वर चढतो आणि तो बोलायला लागला की दबतो. कॉलर माईक लावला तर जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. नवीन मशीन घ्यावं लागेल का? आणि मुलाखतीत जवारी (घोडी घासून आणि दोरा सरकवून तारेला आणलेली झणझण) लावून दाखवतात, तेही नीट टिपायचं आहे.

हेडफोन_घाला

मशीन बदलू नका, जागा बदला.

डीआर-०५एक्सचे दोन्ही माईक ऑम्नी आहेत, म्हणजे चारी बाजूंनी सारखं ऐकणारे. तोंडाकडे वळवून ठेवले तरी खोली टाळता येत नाही. त्यावर एकच इलाज, जवळ जाणं. अंतर निम्मं केलं की थेट आवाज ६ डेसिबलने वाढतो, खोलीची घूम मात्र जवळपास तेवढीच राहते. रेकॉर्डर १ मीटरवरून २५ सेंटीमीटरवर आणला तर १२ डेसिबलचा फायदा, तोही फुकट. दोघांना समोरासमोर न बसवता काटकोनात बसवा, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ, आणि रेकॉर्डर छोट्या ट्रायपॉडवर दोघांच्या हनुवटीच्या उंचीला घ्या. ऑम्नीचा एक फायदा असतो, जवळ गेलं तरी आवाज बोजड होत नाही. कार्डिऑइड (समोरचंच जास्त ऐकणारा) माईक जवळ नेला की खालचे स्वर फुगतात, इथे तो त्रास नाही. फक्त तोंडाच्या अगदी सरळ रेषेत ठेवू नका, थोडा बाजूला. नाहीतर प, फ, भ आले की फटका बसतो.

स्टूल नको. त्यावर कुणी कोपर टेकवलं, कप ठेवला की ठक्क होतं आणि ते एडिटिंगमध्ये निघत नाही. ट्रायपॉड नसेल तर चार पदरी गोधडीवर ठेवा, स्टुलावर किंवा कठड्यावर थेट ठेवू नका. उरलेल्या गोधड्या माईकच्या समोरच्या भिंतीवर टांगा आणि फरशीवर सतरंजी अंथरा. एवढ्या खोलीत घूम येते ती भिंती, फरशी आणि स्लॅब यांच्यामधून. स्लॅबला काही करता येत नाही, फरशीला येतं.

पंखा वर चढतो ते ऑटो लेव्हलमुळे. शांतता झाली की मशीनला वाटतं आवाज कमी पडला, ते गेन (माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) वाढवतं. मेन्यूत लेव्हल कंट्रोल बंद करा आणि गेन हाताने लावा. बोलणाऱ्याला चहा कसा करतात ते विचारा, नमस्कार-चमत्कार नको. नमस्काराला माणूस सावरून बोलतो, सवयीच्या गोष्टी सांगताना खरा आवाज निघतो. त्यावर मीटर पाहा. सर्वांत मोठं शिखर -१२ डेसिबलच्या आसपास, एरवी काटा -२० च्या जवळपास घुटमळू दे. हसू आलं, कानस घसरली तरी वर जागा शिल्लक राहील. २४ बिटमध्ये आवाज थोडा कमी नोंदला गेला तरी नंतर वाढवता येतो. शून्याला टेकून कापला गेलेला आवाज मात्र परत जोडता येत नाही.

एमपी३ सोडा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, डब्ल्यूएव्ही, स्टिरिओ. तासाला साधारण १ जीबी जागा लागते, तुमच्या कार्डावर पंचवीस-तीस तास सहज मावतील. फाईल २ जीबीला आपोआप तुटून पुढची सुरू होते, म्हणजे साधारण दोन तासांनी. मधला तुकडा गेलाय असं समजून घाबरू नका.

आणि या मशीनवर रेकॉर्डचं बटण एकदा दाबलं की दिवा फक्त लुकलुकतो, ती तयारीची अवस्था. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि वेळ पुढे सरकायला लागते. सेकंद सरकताना दिसल्याशिवाय प्रश्न विचारू नका.

गावभाग_सांगली

कॉलर माईकचं मी सांगतो. प्लग हातात धरून त्यावरच्या काळ्या रेघा मोजा. तीन असतील तर तो मोबाईलचा, दोन असतील तर कॅमेरा-रेकॉर्डरचा. मोबाईलच्या चार भागांच्या प्लगमध्ये माईकचा सिग्नल सगळ्यात मागच्या भागावर असतो, रेकॉर्डर मात्र पुढच्या टोकावर शोधतो. म्हणून काहीच येत नाही, किंवा पुसटसं येतं. तीन रेघांचा दोन रेघांत बदलणारा अडॅप्टर मिळतो. सांगलीत मेन रोडला मोबाईल सामानाच्या दुकानात विचारा, पण 'माईकचा' म्हणून सांगा, हेडफोनचा देतील. तो उलट्या कामाचा असतो.

मग मेन्यूत प्लग-इन पॉवर चालू करा. या छोट्या माईकना दोन-तीन व्होल्ट लागतात, ते रेकॉर्डरच देतो. ज्या माईकमध्ये स्वतःचा सेल आहे त्याला हे नको. आणि हे ४८ व्होल्टच्या फँटम पॉवरपेक्षा वेगळं प्रकरण आहे, त्याची भेसळ करू नका.

दोघांना दोन माईक लावायचे तर वाय आकाराची तार लागते, पण दोन प्रकार आहेत. एक हेडफोन वाटून घ्यायचा, दोन्ही फाट्यांना एकच स्टिरिओ. तो नको. एक फाटा डावीकडे आणि दुसरा उजवीकडे जाईल असा हवा. लावल्यावर एका माईकवर बोट घासून पाहा, एकाच बाजूचा मीटर उडायला हवा. म्हणजे एक माणूस डाव्या, दुसरा उजव्या कानात वेगळा मिळतो आणि नंतर दोघांची पातळी वेगवेगळी करता येते. अडचण एकच: या मशीनवर दोघांना मिळून गेन एकच. त्यामुळे पुटपुटणाऱ्याचा माईक दोन बटणं वर, खड्या आवाजाच्या माणसाचा खाली. अंतरानेच तोल साधायचा.

सदऱ्यावर लावताना क्लिपच्या खाली तारेचा एक छोटा वेढा घ्या. नाहीतर पोटाच्या हालचालीने तार ओढली जाते आणि खरखर येते. कडक स्टार्चचा कॉटन शर्ट असेल तर माईक बाहेरच ठेवा.

तंबोरा_मिरज

अडॅप्टरचं लक्षात आलं, रेघा तीनच निघाल्या. पण एक जण म्हणतो हे सगळं सोड, ३२ बिट फ्लोटचं मशीन घे, गेन लावायचीच भानगड नाही. खरं का?

हेडफोन_घाला

अर्धं खरं. ३२ बिट फ्लोटमध्ये फाईल कापली जात नाही, त्यामुळे लेव्हल चुकली तरी सुटता येतं. पण माईक स्वतः फाटला किंवा पुढची सर्किट फाटली तर फ्लोट काही करत नाही. आणि लांब ठेवलेला माईक फ्लोटमध्येही लांबच असतो, घूम तशीच, पंखा तसाच. तुमची घूम आणि कॉलर माईक त्याने सुटत नाहीत, आणि पंख्याचं चढणं ऑटो लेव्हल बंद केल्यानेच थांबतं. पैसे असतील तर बरा हेडफोन घ्या, कान पूर्ण झाकणारा, आणि रेकॉर्ड होताना तो कानावर असू द्या. इअरफोनने चालत नाही, समोरचा माणूस थेटच ऐकू येतो आणि यंत्रात काय चाललंय ते कळत नाही.

खरज

जवारीबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो.

बोलण्यासाठी लो-कट (खालचे स्वर कापणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर ठेवला तर बरोबरच आहे, पंख्याची घरघर आणि फरशीवरची थरथर कमी होते. पण तंबोऱ्याला तो बंद करा. काळी एकचा (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा) षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, खरजाची तार त्याच्या खाली एक सप्तक, म्हणजे ६९ च्या आसपास. ८० चा कट लावला तर खरजाचा पायाच गेला. जवारीची झणझण वर ऐकू येईल, पण वाद्य पोकळ वाटेल. मग ऐकणारा म्हणेल, मिरजेचा म्हणून दाखवला तो हाच का?

म्हणून वाजवून दाखवण्याचं रेकॉर्डिंग वेगळ्या फाईलवर घ्या. बोलणं थांबवा, लो-कट बंद, कॉलर माईक काढा, रेकॉर्डरचे स्वतःचे माईक वापरा. घोडीपासून ६० ते ९० सेंटीमीटरवर, घोडीच्या पातळीला, तारांच्या रेषेतून थोडा बाजूला. भोपळ्याच्या पोटाला अगदी टेकवून ठेवलं तर नुसता घुमारा येतो. घोडीच्या अगदी वर ठेवलं तर नखाचा खरखराट. गेन नव्याने लावा, कारण छेडलेल्या तारेचं पहिलं शिखर बोलण्याहून बरंच वर जातं. इथेही -१२ पुरे. लिमिटर (ठरावीक पातळीच्या वरचा आवाज दाबणारा) नको, तो प्रत्येक छेडीवर सूर चेपतो.

कारागीर घोडीवर कानस मारून, मग दोरा सरकवत सरकवत स्वर उघडून दाखवतात, ते सलग ठेवा, मधे कापू नका. दोरा एक केसभर सरकला की आवाज कसा पसरतो हे फक्त ऐकूनच कळतं. त्या दोन मिनिटांत पंखा बंद करायची विनंती करा, कुणी नाही म्हणत नाही. शेजारचा ठोकाही तेवढ्यापुरता थांबवतील. आणि हो, मुलाखत चालू असताना कानस चालूच ठेवायला हरकत नाही, कारखान्याचा आवाज आहे तो. फक्त बोलणाऱ्याच्या शेजारी नको, खोलीच्या त्या टोकाला.

चाळकेवाडी_वारा

साताऱ्याकडून एक भर. घराबाहेर, माळावर वगैरे घेणार असाल तर मशीनसोबतच्या फोमवर विसंबू नका. फोम तोंडाच्या फटक्यापुरता. सज्जनगड-चाळकेवाडीच्या वाऱ्याला केसाळ कव्हर लागतं. वाऱ्याचा फटका माईकच्या पडद्यावरच बसतो, तिथेच सिग्नल फाटला की नंतर लो-कट लावून काही हाती लागत नाही. मिरजेला वारा नाही, पण गाळप हंगामात रस्त्याकडेला उसाच्या ट्रॉल्या आणि त्यावरची गाणी आहेत. एका गाण्याचा तुकडा मागे आला तर संपूर्ण वाक्य कापायला लागतं, कारण जोड दिली की गाणं उडी मारतं. रस्त्याकडेचा कारखाना असेल तर आतल्या खोलीत बसा.

गावभाग_सांगली

बॅटरीचं राहिलं. दोन एए सेल लागतात. चार्ज होणारे वापरत असाल तर मेन्यूत सेलचा प्रकार बदला. त्यांचा व्होल्टेज १.२, अल्कलाइनचा १.५, त्यामुळे प्रकार चुकीचा असला की भरलेले सेलही संपत आलेले दिसतात. पॉवरबँकवर चालवाल तर आधी घरी तासभर चालवून पाहा. रेकॉर्डर फार कमी करंट ओढतो, काही पॉवरबँकना वाटतं जोडलेलं काहीच नाही, त्या बंद पडतात. रेकॉर्डिंग चालू असताना वीज तुटली तर फाईल नीट बंद होत नाही, म्हणून आत सेलही घालूनच ठेवा. आणि भिंतीतल्या स्वस्त चार्जरवर रेकॉर्डिंग नको, ५० हर्ट्झची घूं येते.

कार्ड संगणकात नाही, रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा, जुन्या फायली काढून घेतल्यावर. मोबाईल फ्लाइट मोडवर, कारागिराचाही. खिशात ठेवलेला फोन नेटवर्क शोधायला लागला की कॉलर माईकच्या तारेत टरटर येते.

तंबोरा_मिरज

मोठी मदत झाली. शेवटचं: एडिटिंगच्या ऑडॅसिटी सॉफ्टवेअरमध्ये काय क्रमाने करायचं? आत्ता नॉइज रिडक्शन २४ वर ठेवलंय, बोलणं पाण्याखालून आल्यासारखं होतंय.

हेडफोन_घाला

२४ म्हणजे पंख्यासोबत माणूसही धुऊन निघाला. ६ ते ८ ठेवा. पंखा थोडा राहू दे, तो सलग असला की कान विसरतो.

त्यासाठी प्रत्येक ठिकाणी, माणसं बसलेली असतानाच, अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प बसवून नुसती खोली रेकॉर्ड करा. नॉइज रिडक्शनचा नमुना (प्रोफाईल) त्या तुकड्यावरून घ्या. तोच तुकडा जिथे वाक्य कापाल तिथे खाली भरायलाही लागतो, नाहीतर मधे एकदम काळोख पडल्यासारखं होतं.

क्रम असा: डावा-उजवा वेगळे करा, ज्याचं बोलणं नाही त्याचा माईक तेवढा वेळ १० डेसिबलने खाली घ्या (पूर्ण बंद नको), मग हाय-पास (म्हणजे लो-कटच) ८० हर्ट्झ, मग नॉइज रिडक्शन, त्यानंतर कॉम्प्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणारा) ३:१. कॉम्प्रेसर आधी लावला तर तो पंखाच वर उचलतो आणि मग रिडक्शनला जास्त मारावं लागतं. शेवटी दोन्ही मिळवून मोनो, लाउडनेस नॉर्मलायझेशन -१६ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा लागतो त्याचं माप), 'मोनोला ड्युअल-मोनो समजा' हा पर्याय चालू ठेवून. तो बंद असेल तर मोनोला -१९ घ्या. लिमिटर -१ वर. जवारीची फाईल या साखळीत घालू नका, ती स्टिरिओच ठेवा आणि फक्त पातळी बोलण्याच्या जवळ आणा. पण मग पूर्ण भाग स्टिरिओ निर्यात करावा लागेल, १२८ ला. नुसत्या बोलण्याचा भाग असेल तर मोनो ९६ पुरतो, तासाला सुमारे ४३ एमबी.

खरज

जवारीची पातळी मीटरवर बोलण्याएवढी आणलीत तर कानाला ती जास्तच मोठी वाटते, सूर सलग असतो म्हणून. बोलण्यापेक्षा तीन-चार डेसिबल खाली ठेवा.